गणपतीला गावी जाताना कुत्रं कुठं ठेवणार? निवाऱ्यातून दत्तक घेण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

दत्तक शिबिरात फॉर्म भरायला बसलेली माणसं पहिलं पान झरझर लिहून काढतात. नाव, पत्ता, मोबाईल, घरात माणसं किती. दुसऱ्या पानावरच्या एका प्रश्नाशी मात्र पेन हमखास थबकतं: गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलात, तर प्राण्याची सोय काय? शब्द संस्थेगणिक बदलतात, प्रश्न तोच. मुंबईतली निम्मी घरं भाद्रपदात कोकणाच्या वाटेला लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत निवाऱ्यांचे, म्हणजे बेवारस प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांचे, फोन वाजायला लागतात, ‘आमचं कुत्रं दहा दिवस ठेवाल का?’ म्हणून. निवारा म्हणजे पाळणाघर नव्हे. बाकी सगळी कागदपत्रं जमवता येतात. या प्रश्नाचं उत्तर घरी बसून, सगळ्यांना विचारून ठरवावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. निवाऱ्यात गल्लीतली सगळी कुत्री नेऊन ठेवतात आणि आपण त्यांतलं एक निवडायचं, असं अनेकांना वाटतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याला पकडायचं ते नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी, आणि मग जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं, तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजावं. याला अपवाद आहेत. पिसाळलेली किंवा अतिआक्रमक कुत्री परत सोडत नाहीत. शिवाय शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा आवारातून हलवलेली कुत्री पुन्हा तिथं सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. एरवी निवाऱ्यात उरतात ती आई मेलेली पिल्लं, गाडीखाली पाय गेलेली, आंधळी, म्हातारी. आणि हौसेनं विकत आणून नंतर टाकून दिलेली जातिवंत. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात धापा टाकणारा हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातलं केसाळ कुत्रं, बघितला की ती हौस कुठवर जाते ते कळतं.

शहरातला सगळ्यात जुना पत्ता परळचा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल असं पूर्ण नाव घेऊन विचाराल तर दोघं मान हलवतील. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणा, टॅक्सीवाला थेट दारात सोडेल. ते चालवणारी प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था 1874 ची आहे. महालक्ष्मीला वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही 1985 पासून काम करणारी संस्था आहे. देवनारला इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स आणि मालाडला अहिंसा, याही ओळखीच्या. कुत्र्यांवरून मुंबई पेटण्याचा इतिहास तर त्याहून जुना: 1832 च्या जूनमध्ये सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायला काढली, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले होते.

आता पात्रता. अर्जदार सज्ञान हवा. काही संस्था 21 वर्षांची अट घालतात, आणि वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना बहुधा नकार देतात. घर किती चौरस फुटांचं, यावर सहसा काही अडत नाही. लालबागच्या एका खोलीत कुत्री सुखात वाढलेली मी पाहिली आहेत आणि लोखंडवालाच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमधून दोन महिन्यांत परत आलेलीही. कुत्रं दिवसातून किती तास एकटं राहणार, हे बघितलं जातं. दोघंही सकाळी आठची लोकल पकडून रात्री नऊला परतत असाल, तर दोन महिन्यांचं पिल्लू मिळणार नाही. वयात आलेलं, शांत कुत्रं सुचवलं जाईल. ते नाकारू नका. घरातल्या प्रत्येकाची संमती लागते. शिबिरात एकट्या आलेल्या उत्साही तरुणाला ‘आईला घेऊन या’ असं सांगून परत पाठवतात, त्यात अपमान नाही. कुत्रं शेवटी कोण सांभाळतं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

कागदपत्रं फार नाहीत. आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा (विजेचं बिल चालतं), पासपोर्ट आकाराचे फोटो. भाड्याचं घर असेल तर भाडेकराराची प्रत आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र. हे पत्र मिळवण्यातच बहुतेकांचे आठ-पंधरा दिवस जातात, तेव्हा सुरुवात तिथून करा. घरात आधीचा प्राणी असेल, तर त्याचं लसीचं पुस्तक दाखवावं लागतं.

अर्ज दिल्यावर फोनवर बोलणं, मग घरभेट. ती बहुतेक वेळा स्वयंसेवकच करतात: कोणी बँकेत नोकरी करणारं, कोणी निवृत्त शिक्षिका, रविवारची दुपार खर्चून आलेली. चहाला नाही म्हणत नाहीत, पण नजर खिडकीवर असते. मांजर हवं असेल तर खिडक्यांना बारीक जाळी हवीच. मुंबईत मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात, आणि दरवेळी पायांवर पडून वाचत नाहीत. कुत्रं गच्चीवर किंवा जिन्याखाली बांधून ठेवायचा बेत कळला, की अर्ज तिथंच संपतो.

मग करारपत्रावर सही. त्यात साधारण चार गोष्टी असतात: लसी वेळेवर देऊ, ठरलेल्या वयात नसबंदी करू, अधूनमधून फोटो पाठवू, आणि जमलं नाही तर कुत्रं दुसऱ्या कोणाला न देता संस्थेलाच परत करू. शेवटचं कलम नीट वाचा. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, नंतर दरवर्षी. दत्तक म्हणजे विक्री नव्हे. लसी किंवा नसबंदीच्या खर्चापुरती रक्कम कोणी घेतली तर पावती मागा. प्राणी न दाखवता आधी पैसे पाठवायला सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

संस्थेची सही झाली की काम संपलं असं वाटतं, आणि महापालिकेचा परवाना राहून जातो. मुंबईत पाळीव कुत्र्याचा परवाना काढणं बंधनकारक आहे. पालिकेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज होतो. रेबीज लसीचं प्रमाणपत्र, तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो लागतो; शुल्क किरकोळ, नूतनीकरण दरवर्षी. लसीची मुदत संपलेली नाही ना, एवढं अर्जाआधी तपासा. हा परवाना सोसायटीशी वाद झाला तर फार उपयोगी पडतो. ‘आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत’ असा ठराव बहुमतानेही करता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. सेक्रेटरीला त्याची प्रत शांतपणे द्या, आणि खाली फिरवताना विष्ठा उचलायला कागद खिशात ठेवा. भांडण निम्मं तिथंच मिटतं.

गल्लीतलंच ओळखीचं कुत्रं घरी न्यायचं असेल, तरी वाट आहे. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणीप्रेमींना भटकं कुत्रं दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्या कुत्र्याला ओळखचिन्ह लावून ते तुमच्या ताब्यात देतात आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी तुमची. त्याच आदेशानुसार खाऊ घालायचं ते वॉर्डात नेमून दिलेल्या जागीच. वाटेल त्या कोपऱ्यावर बिस्किटाचा पुडा सोडणं आता चालत नाही.

आणि गणपतीच्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असंच उत्तर असेल, तर दत्तकाऐवजी तात्पुरत्या सांभाळाचा अर्ज करा. शस्त्रक्रियेतून उठलेलं कुत्रं, बाटलीचं दूध पिणारी मांजरीची पिल्लं यांना काही आठवडे घर लागतं. औषधपाणी बहुधा संस्था बघते. आठवड्यातून एकदा निवाऱ्यात कामाला हातभार लावायला जायचं असेल तर ओळखपत्र आणि एक छोटा फॉर्म पुरतो, पण प्राणी हाताळण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस स्वतःच्या डॉक्टरांकडून घ्या. तेही जमत नसेल तर जून लागायच्या आत रद्दी आणि जुन्या चादरी पोचवा. पावसाळ्यात पिंजऱ्यांत अंथरायला कोरडं काही उरत नाही, आणि रद्दीवाल्याकडून विकत आणावी लागते.