माकडटोपी ते बफ: थंडीत तोंड झाकायच्या कापडामागचा इतिहास

दरवर्षी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की कपाटातनं मफलर, कानटोप्या, माकडटोप्या बाहेर निघतात, आणि दरवर्षी तीच कुरकुर, टोचतंय, घुसमटतंय, ओलं झालंय, चष्म्यावर वाफ येतेय. स्वेटरबद्दल असं कोणी फारसं बोलत नाही. मग तोंडावरच्या कापडालाच एवढा त्रास का, आणि आज दुकानात जे नळीसारखे नेक वॉर्मर (बफ त्यातलाच), भोकंवाले मास्क, डोळे सोडून सगळं झाकणाऱ्या टोप्या दिसतात ते असेच का दिसतात, त्याच्यामागे बरंच काही घडलेलं आहे.

मूळ भानगड श्वासाची आहे. नाकातोंडातनं बाहेर पडणारी हवा जवळपास अंगाइतकी गरम असते आणि वाफेने भरलेली असते. तोंडावर कापड आलं की ती वाफ कापडात अडकते, गार पडते, पाणी होते, आणि बाहेर शून्याखाली असेल तर त्याचा बर्फ होतो. घाम सगळीकडेच येतो पण तो काम केलं तर येतो, श्वास थांबत नाही. म्हणजे इथे ऊब देणं हे सोपं काम आहे, पाण्याचं काय करायचं हे अवघड. माझं तर मत आहे की थंडीतल्या स्कार्फचा अख्खा इतिहास हा या पाण्याला वाट काढायचा इतिहास आहे, बाकी फॅशन.

गळ्याला कापड गुंडाळणं तसं फार जुनं. १९७४ साली चीनमध्ये शीआनजवळ सापडलेल्या मातीच्या सैनिकांच्या गळ्यात कापड आहे, रोमन सैनिकही गळ्याला कापड बांधायचे, पण ते चिलखताने कातडी सोलू नये म्हणून. तोंडाचा प्रश्न खरा सोडवला तो आर्क्टिकमधल्या इन्यूट लोकांनी, आणि तोही तोंड न झाकता! त्यांच्या पार्काची, म्हणजे टोपी जोडलेल्या जाड कोटाची, टोपी पुढे आलेली असते आणि तिच्या कडेला लांब केसांची फर लावलेली असते, लांडग्याची किंवा वुल्व्हरीन नावाच्या जनावराची. ही फर वारा तोडते, चेहऱ्यासमोर जरा कोमट हवेचा एक पट्टा राहतो, श्वास मोकळा बाहेर जातो, आणि त्या फरवर जे दव गोठतं ते झटकलं की पडून जातं, चिकटून बसत नाही. वुल्व्हरीनची फर याच कारणासाठी खास मानली जाते. कातडीला काही लागतच नाही, त्यामुळे ओलं व्हायचाही प्रश्न नाही.

आपल्याकडे धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात तिच्यातही थोडं हेच आहे असं मला वाटतं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचणारी, तोंडावर गुंडाळायची कोणाची हिंमत होणार नाही, पण खोळ डोक्यावरनं उभी राहते, कड पुढे येते, वारा-पाऊस बाजूने जातो आणि तोंड उघडं. टोचण्यामागचं कारणही साधं आहे, साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक कातडीत टोचतं, त्याहून बारीक असेल तर वाकतं. मेरिनोची चांगली लोकर २० मायक्रॉनच्या आतबाहेर असते आणि पश्मिना त्याहून बारीक, म्हणून ती गालाला लावता येते.

आता माकडटोपीकडे येऊ, जिला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात. ते नाव काळ्या समुद्रावरच्या क्रिमियातल्या एका बंदराचं. २५ ऑक्टोबर १८५४ ला तिथे ब्रिटिश आणि रशियन फौजांची लढाई झाली, लाइट ब्रिगेड या ब्रिटिश घोडदळाचा तो प्रसिद्ध हल्ला याच लढाईतला, आणि गंमत म्हणजे हल्ल्याचं नेतृत्व करणारा लॉर्ड कार्डिगन आणि सगळ्यांचा सेनापती लॉर्ड रॅगलन, दोघांचीही नावं पुढे कपड्यांनाच चिकटली, कार्डिगन स्वेटर आणि रॅगलन बाही. पण त्या लढाईत सैनिक ही टोपी घालून लढले असं जे चित्र डोक्यात येतं ते खरं नाही. खरी थंडी नंतर आली. १४ नोव्हेंबरला भयंकर वादळ झालं, बंदराबाहेर उभी असलेली जहाजं फुटली, त्यात प्रिन्स नावाचं जहाज गरम कपड्यांच्या साठ्यासकट बुडालं आणि फौज उन्हाळी कपड्यांवर हिवाळ्यात अडकली. लंडनच्या द टाइम्सचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेलने तिथले हाल छापून आणले, इंग्लंडमध्ये बोंबाबोंब झाली आणि घराघरातनं बायका लोकरीचे मोजे, मफलर, टोप्या विणून पाठवायला लागल्या. बालाक्लाव्हा हे नाव तर विणकामाच्या छापील नमुन्यांत आणखी बऱ्याच वर्षांनी रुळलं.

म्हणजे ही टोपी कोणी डिझायनरने बसून काढलेली नाही, सरकारी पुरवठा फसला म्हणून घरच्या सुयांवर जे पटकन होईल ते झालं. दोन सुयांवर किंवा गोल विणलेली नळी, वर बंद, पुढे चेहऱ्याला भोक. लोकरीचं विणकाम ताणलं जातं म्हणून मापाची कटकट नाही, कोणाच्याही डोक्याला बसते. हा गुण इतका मोठा निघाला की पुढच्या सगळ्या युद्धांत तीच चालली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तर खुद्द राणी व्हिक्टोरियाने १९०० साली क्रोशाने आठ स्कार्फ विणले आणि ते शौर्यासाठी निवडलेल्या सैनिकांना दिले गेले, त्यातले चार ब्रिटिश आणि चार वसाहतींच्या फौजांतले.

पण श्वासाचं पाणी तसंच राहिलं, आणि ते किती वाईट होऊ शकतं हे कळलं अंटार्क्टिकात. १९११ च्या ऐन हिवाळ्यात दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेलं. अंगावर लोकर, वर वारा अडवणारं घट्ट विणलेलं कापड, डोक्याला लोकरी बालाक्लाव्हा. श्वास आणि घाम कपड्यातच गोठायचा, टोप्या डोक्याला चिकटून बसायच्या. एकदा चेरी-गॅरार्ड तंबूतनं बाहेर आला, आजूबाजूला बघायला मान वर केली आणि कपडे तसेच कडक झाले, मग पुढचे चार तास मान वर करूनच स्लेज ओढली! तेव्हापासून ते लोक बाहेर पडल्या पडल्या ओढायच्या पोझमध्ये वाकून उभे राहायला लागले, म्हणजे गोठलं तर निदान सोयीच्या आकारात गोठेल.

त्याच वर्षी स्कॉटचा प्रतिस्पर्धी, नॉर्वेचा आमुंडसेन, १४ डिसेंबरला दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला. तो आधी १९०३ ते १९०५ मध्ये योआ जहाज घेऊन उत्तरेत नेत्सिलिक इन्यूटांच्या शेजारी राहिला होता आणि त्यांचे सैलसर फरचे कपडे कसे काम करतात ते नीट बघून शिकला होता. फक्त कपड्यांमुळे तो जिंकला असं म्हणणं चूक, कुत्रे होते, स्की होत्या, प्लॅनिंग होतं, पण हवा आतून खेळती ठेवायची हे त्याला माहीत होतं.

पहिल्या महायुद्धात याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय फौज फ्रान्समध्ये मार्सेला उतरली ती सुती खाकीत, आणि समोर फ्लँडर्सचा, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवरचा, हिवाळा. ऑक्टोबरअखेर न्यूव्ह शापेलला जे लढले त्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. या फौजेला गरम कपडे पुरवायला लंडनमध्ये इंडियन सोल्जर्स फंड निघाला. माकडटोपी आपल्याकडे नक्की कोणत्या वाटेने आली ते एका ओळीत सांगता येणार नाही, पण फौजेचा वाटा त्यात आहे हे धरून चालायला हरकत नाही.

ब्रिटिश फौजेत त्याच काळात आणखी एक हुशार वस्तू होती, कॅप कम्फर्टर. लोकरीची विणलेली लांब नळी, गळ्यात घातली तर मफलर, एक टोक दुसऱ्यात उलटून सारलं की टोपी. दुसऱ्या महायुद्धात कमांडो लोकांच्या डोक्यावर दिसते ती हीच. आणि त्याच युद्धातल्या घरगुती विणकामाच्या पॅटर्नमध्ये कानाजवळ उघडणारी झडप असलेली बालाक्लाव्हा होती, टेलिफोन कानाला लावता यावा म्हणून. मला हे फार आवडतं, कारण इथे पहिल्यांदा विणणाऱ्याने विचारलं की ही टोपी घालून माणूस करणार काय आहे.

मग विज्ञान आलं. १९४० च्या सुमारास पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या छोट्या सिलिंडरमधलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं आणि त्यावरनं विंड चिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते त्याचं, गणित मांडलं, ते १९४५ मध्ये छापून आलं. अनेक दशकं हवामान खाती त्यावरच चालली. पण माणूस म्हणजे पाण्याचा डबा नाही, त्यामुळे आकडे भलतेच भीतिदायक यायचे. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवीन सूत्र घेतलं, त्यासाठी टोरोंटोत विंड टनेलमध्ये माणसांना ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या कपाळ, गाल, नाक, हनुवटीवर सेन्सर लावले होते. म्हणजे आज परदेशातले नातेवाईक फोनवर ‘फील्स लाइक उणे तीस’ सांगतात तो आकडा मुळात उघड्या चेहऱ्याचा आहे.

कापडातला मोठा बदल झाला १९७० च्या दशकाच्या शेवटी, मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डन मिल्सने पॉलिएस्टरचं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापड, काढलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पिऊनही ओली वाटत नाही, हा तिचा मोठा गुण, पण प्यायलेलं पाणी सोडायला ती वेळ लावते. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे झटकलं, पिळलं की लवकर वाळतं. त्यात कंपनीचे मालक ॲरन फॉयरस्टीन यांनी या कापडाचं पेटंट घेतलं नाही, मग जगभर सगळ्यांनी ते बनवलं आणि स्वस्त झालं. आता आपल्याकडे थंडीत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, त्यांचा बराचसा माल लुधियानाचा असतो, तिथेही फ्लीसचा ढीग असतोच.

फ्लीस आल्यावर शिवणाऱ्यांना तुकडे जोडायची मोकळीक मिळाली. तोंडाशी जाळी किंवा बारीक भोकं, गळ्याला जाड कापड, कानाशी पातळ, आणि खालचा भाग हनुवटीखाली ओढता येईल अशी बिजागरीवाली रचना, म्हणजे चढ चढताना खाली आणि वारा आला की वर. सगळीकडे सारखी जाडी असलेल्या विणलेल्या टोपीला हे जमत नव्हतं.

१९९१ मध्ये स्पेनच्या कॅटलोनियातल्या इग्वालादा गावी जुआन रोहास या कापडवाल्याने शिवण नसलेली ताणणारी नळी बाजारात आणली, बफ या नावाने. स्वतः मोटरसायकल चालवणारा माणूस, त्यामुळे हेल्मेटखाली शिवण रुतते हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. कॅप कम्फर्टरचीच ही धाकटी बहीण म्हणा.

नळीचा आणखी एक फायदा आपल्याकडे जास्त लागू आहे, तिला लोंबतं टोक नाही. नर्तकी इसाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ ला नीसमध्ये गाडीच्या चाकात लांब स्कार्फ अडकून गेली. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे तो यासाठीच, मोटरसायकलचं मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. पण ओढणी आणि मफलरची टोकं अजून फडफडत असतात. पुण्यात स्कूटीवरच्या मुली स्कार्फ डोक्यावरनं घेऊन तोंडाभोवती फिरवून मागे घट्ट गाठ मारतात, ती गाठ बाकी काही नाही तरी या बाबतीत शहाणी आहे. फक्त सुती स्कार्फ, आणि नाकावर घट्ट, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी कॉलेजला पोचेपर्यंत ओठांसमोर ओला डाग ठरलेला.

आणि चष्मेवाले. कापड नाकाच्या हाडाशी सैल राहिलं की गरम वाफ सरळ वर काचेवर जाते. कोविडमध्ये मास्कमधल्या तारेची किंमत सगळ्यांना कळली, तीच तार आता काही नेक वॉर्मरमध्येही येते, पण जाड फ्लीसमध्ये ती नीट वळत नाही आणि हेल्मेट चढवताना सरकते. त्यापेक्षा नाक पूर्ण बाहेर ठेवून फक्त तोंड-गाल झाकणारा कट बरा पडतो, किंवा तोंडासमोर खाली उघडणारी फट, म्हणजे वाफ गळ्याकडे उतरते. घ्यायच्या आधी दुकानातच चष्मा लावून, हेल्मेट घालून दोन मिनिटं श्वास घेऊन बघा, दुकानदार काय बघायचं ते बघू दे.