पालकत्व : एक पाचारण (कॅथलिक परंपरा)

मुलांना जन्म देणे आणि श्रद्धेत वाढवणे हे ईश्वराने दाम्पत्याच्या हाती सोपवलेले कार्य आहे, अशी कॅथलिक चर्चची शिकवण आहे. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होणे हे जसे पाचारण, म्हणजे ईश्वराची हाक, तसेच हेही. त्याचा उगम विवाह संस्कारात आहे. ग्रामीण विदर्भात कॅथलिक घरे विखुरलेली आहेत आणि बऱ्याच गावांत दर रविवारी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होत नाही. तिथे मुलांच्या श्रद्धेचा भार मुख्यतः आईवडिलांवर येतो. या शिकवणीचे खरे वजन अशा गावांतच कळते.

घराला लहान चर्च म्हणण्याची परंपरा संत जॉन क्रिसोस्टम यांच्यापर्यंत, म्हणजे चौथ्या शतकापर्यंत मागे जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये ती पुन्हा पुढे आणली आणि मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणारे आईवडीलच, असे स्पष्ट केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फॅमिलिआरिस कॉन्सोर्शिओ’ या पत्रात मुलांच्या शिक्षणाचा पालकांचा हक्क आणि कर्तव्य मूलभूत असून ते दुसऱ्या कोणाला पूर्णपणे सोपवता येत नाही, असे मांडले. शाळा आणि वसतिगृह मदत करतात. आईवडिलांची जागा घेत नाहीत. शिक्षणासाठी लेकरू लहानपणीच वसतिगृहात पाठवावे लागणाऱ्या घरांना हे वाचताना जड जाते, पण दुर्लक्ष करण्याजोगे ते नाही.

विदर्भात लॅटिन (रोमच्या विधीच्या) परंपरेचे नागपूर (स्थापना १८८७, महाधर्मप्रांत १९५३) आणि अमरावती (१९५५) हे धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचे प्रदेश, आहेत. बल्लारपूरला केंद्र असलेला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार (केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक) परंपरेचा आहे. विधी वेगळे असले तरी पालकांवरची जबाबदारी एकच.

लॅटिन विधीतील स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) ही जबाबदारी उघड दिसते. मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे भान आहे का, असे फादर आईवडिलांना विचारतात. नंतर फादरांपाठोपाठ आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात आणि शेवटी आईला व वडिलांना वेगवेगळा आशीर्वाद दिला जातो. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत हा संस्कार व्हावा, असा १९८३ च्या चर्च कायद्याचा नियम आहे. बाळाचा जीव धोक्यात असेल आणि फादर पोहोचू शकत नसतील, तर योग्य हेतूने कोणीही पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने संस्कार देऊ शकतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखातल्या आईला हे माहीत असायलाच हवे.

रोजची साधना साधी असते : निजण्यापूर्वी क्रूसाची खूण, जेवणाआधी आभार, सवडीनुसार जपमाळ. कापूस वेचणीच्या दिवसांत थकलेली माय एखादीच प्रार्थना म्हणू शकते, तीही पुरेशी आहे. पण प्रार्थना म्हणजे बाईमाणसाचे काम, ही समजूत सोडायला हवी. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये ‘पॅट्रिस कॉर्डे’ या पत्रात येशूचे पालकपिता संत योसेफ यांचे चित्र रेखाटले आहे ते जबाबदारी घेणाऱ्या, कोमल पित्याचे. मुलांसोबत गुडघे टेकणारा बाप त्यांना जे शिकवतो, ते धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच मिळते.

आंतरधर्मीय विवाहात कॅथलिक जोडीदार मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून शक्य ते सर्व करण्याचे वचन देतो. दुसऱ्या जोडीदाराला त्याची पूर्वकल्पना देतात. किती मुले असावीत, याचा निर्णय दांपत्याने स्वतः ईश्वरासमोर घ्यायचा असतो. मात्र कृत्रिम गर्भनिरोधन चर्चला मान्य नाही (पोप पॉल सहावे यांचे ‘हुमानाए व्हिटे’ हे पत्र, १९६८).

मूल नसलेल्या स्त्रीला गावात अजूनही टोमणे ऐकावे लागतात. चर्चची शिकवण याला ठामपणे छेद देते : अपत्य नसले तरी विवाह पूर्ण आहे, आणि दत्तक घेणे, दुसऱ्यांच्या मुलांची काळजी घेणे यांतूनही ते प्रेम फळाला येते. कर्जापायी नवरा गमावलेली बाई एकटी संसार ओढते, तेव्हा तिला साथ देणे हे साऱ्या धर्मग्रामाचे (स्थानिक चर्चच्या समुदायाचे) काम आहे.

फ्रान्सचे लुई व झेली मार्टिन, संत तेरेजा (लिझ्यू) यांचे आईवडील, हे एकत्र संतपद मिळालेले पहिले दांपत्य (२०१५). त्यांच्या ९ मुलांपैकी ४ लहानपणीच वारली आणि ५ मुली धर्मभगिनी झाल्या. आपल्याकडे एकुलत्या मुलाला सेमिनरीत (धर्मगुरू होण्याच्या शिक्षणसंस्थेत) जावेसे वाटले की शेती कोण पाहील, हा प्रश्न आधी उभा राहतो. मुलाच्या पाचारणाचा आनंदाने स्वीकार करावा, तसेच व्यवसाय आणि जोडीदार निवडताना सल्ला द्यावा पण दबाव आणू नये, असे चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ (कॅटेकिझम) पालकांना सांगतो.