जर्मन हेल्मेटची पारख आणि १९४०चा हुकूम : पार्श्वभूमी

मध्ययुगीन शिरस्त्राणांच्या नकला एकोणिसाव्या शतकातच धंद्याच्या प्रमाणात होऊ लागल्या होत्या. त्यांची पारख पत्र्यावरून होते. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते, आणि जुन्या भट्टीतल्या लोखंडात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, धागे सापडतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हेल्मेटना ही कसोटी फारशी लागू पडत नाही. ती साच्यात दाबून लाखोंनी बनली, त्यामुळे पत्रा बहुधा खराच निघतो. लबाडी असते ती रंगात आणि डिकलमध्ये, म्हणजे हेल्मेटवर चिकटवलेल्या छापील चिन्हात.

पत्र्याचा हिशेब तसा सरळ आहे. १९३५च्या मॉडेलमध्ये हवेच्या भोकात वेगळी कडी बसवलेली असे, १९४०मध्ये ती पत्र्यातच ठोकून काढली, १९४२मध्ये कड आत वळवणंही थांबलं. आतल्या बाजूला कारखान्याची अक्षरं आणि मापाचा आकडा असतो. ६४ माप असेल तर चामड्याच्या अस्तरावर ५६ किंवा ५७ हवं.

खरा गुंता जर्मन लष्कराच्या मार्च १९४०च्या हुकमाचा. तोपर्यंत हेल्मेटच्या डाव्या बाजूला गरुडाचं आणि उजव्या बाजूला काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या ढालीचं डिकल असे. ही ढाल बंद झाली, गुळगुळीत रंग जाऊन खरखरीत, मंद करडा आला. १९४३मध्ये गरुडही गेला. कागदावर हे अगदी स्पष्ट दिसतं. आघाडीवर मात्र कुणी ढाल खरवडली, कुणी वरून रंग फासला, कुणी तशीच ठेवली. पुढे संग्राहकांनी याच ढालीला भाव दिला, आणि दोन डिकलची हेल्मेट एका डिकलच्या हेल्मेटपेक्षा कितीतरी महाग झाली. नकली ढाली छापणाऱ्यांना याहून चांगलं आमंत्रण कुठलं?

१९४०च्या मॉडेलवर ढाल दिसली की काही जाणकार ते हेल्मेट लगेच खोटं ठरवतात. मला ही घाई पटत नाही. मॉडेल आणि हुकूम एकाच महिन्यातले आहेत, आणि कारखान्यातला बदल तारीख बघून एका सकाळी होत नाही. आधी रंग बघावा. ढालीखाली खरखरीत करडा असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे वरचा रंग द्रावकाने उतरवून खालची ढाल उघडी करणं. तो वरचा रंग युद्धातलाच असतो, सैनिकाने स्वतः ब्रशने मारलेला. त्याच्या फटकाऱ्यांत कधी वाळूचे कणही अडकलेले दिसतात. याला 'जीर्णोद्धार' म्हणून विकतात. माझ्या मते हा पुरावा पुसण्याचा प्रकार आहे.

युद्धानंतर नॉर्वेने अशी हेल्मेट पुन्हा रंगवून आपल्या सैन्याला दिली, त्यामुळे थरांची गणितं आणखी वाढली.

अतिनील दिव्याची तपासणी अलीकडे सर्रास होते. कापड आणि दोरा उजळवणारी रसायनं युद्धानंतर प्रचारात आली, ती या प्रकाशात निळसर चमकतात. हनुवटीच्या पट्ट्याची शिवण चमकली तर तो दोरा नंतरचा. चमकली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. जुना दोरा नकल करणाऱ्यांनाही मिळतो.