सगळ्यात कमी पॉइंट देणारा डिफेन्स सगळ्यात भारी असतोच असं नाही

१९७७ साली अटलांटा फाल्कन्सनी एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या १४ मॅचमध्ये समोरच्या सगळ्या टीमना मिळून फक्त १२९ पॉइंट करू दिले. म्हणजे मॅचमागे जेमतेम सव्वानऊ. १४ मॅचच्या सीझनमध्ये याहून कमी पॉइंट कोणीच दिलेले नाहीत. आणि तरीही अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात भारी डिफेन्स कुठला हा वाद पेटतो ना, तेव्हा फाल्कन्सचं नाव फारसं कोणी काढत नाही. लोक भांडतात ते १९८५ च्या शिकागो बेअर्सवरून, २००० च्या बाल्टिमोर रेव्हन्सवरून, १९७६ च्या पिट्सबर्ग स्टीलर्सवरून, आणि जरा तरुण मंडळी असतील तर २०१३ च्या सिएटल सीहॉक्सवरून. या चौघांनीही फाल्कन्सपेक्षा जास्त पॉइंट दिले होते. मग फाल्कन्सवर अन्याय होतोय का? मला वाटतं नाही, आणि का नाही हे समजून घेताना मोजमाप म्हणजे काय हेच नीट कळायला लागतं, म्हणून हा विषय मला इतका आवडतो.

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. ११ विरुद्ध ११, मैदान १०० यार्डांचं, बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा. शेवटच्या रेषेपार गेलं की टचडाऊन, ६ पॉइंट. लांबून किक मारून खांबांमधून बॉल घातला की फील्ड गोल, ३ पॉइंट. हल्ला करणारे ११ (ऑफेन्स) वेगळे आणि अडवणारे ११ (डिफेन्स) वेगळे, म्हणजे डिफेन्स ही टीमच्या आत जवळजवळ स्वतंत्र टीमच असते. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ल्याचा मेंदू, बॉल त्याच्या हातात येतो आणि फेकायचा की कोणाच्या हातात द्यायचा हे तो ठरवतो.

आता फाल्कन्सकडे परत येऊ. १९७७ मध्ये सगळ्या लीगमध्येच पॉइंटचा दुष्काळ होता. एका टीमची मॅचमागे सरासरी फक्त १७.२, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी. कारण नियम डिफेन्सच्या बाजूचे होते, पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूला रस्ताभर ढकलत न्यायची जवळपास मुभाच होती. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट हे काम इतकं जबरदस्त करायचा की १९७८ मध्ये लीगने नियमच बदलला, पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही, आणि लोक आजही त्याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. त्याच वर्षी क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवायची परवानगी मिळाली. म्हणजे १९७८ च्या आधीचा पॉइंट आणि नंतरचा पॉइंट ही दोन वेगळी नाणी आहेत. आपल्याला हे क्रिकेटवरून लगेच कळेल, १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ६० ओव्हरच्या मॅचला १८३ रन पुरले होते, आज ५० ओव्हरच्या मॅचला तेवढे केले तर कोणी जिंकायची आशा धरेल का?

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की त्या वर्षीच्या सरासरीने भागायचं. फाल्कन्सनी त्या वर्षीच्या सरासरीच्या साधारण ५४ टक्के पॉइंट दिले. १९७६ च्या स्टीलर्सनी १४ मॅचमध्ये १३८ दिले, लीगची सरासरी होती १९.२, म्हणजे ५१ टक्के. १९८५ चे बेअर्स, १६ मॅचमध्ये १९८, सरासरी २१.५, साधारण ५८ टक्के. २००२ चे टँपा बे बकनिअर्स ५६. २०१३ चे सीहॉक्स, १६ मॅचमध्ये २३१, सरासरी २३.४, ६२ टक्के. आणि २००० चे रेव्हन्स, १६ मॅचमध्ये १६५, सरासरी २०.७, निम्म्याला किंचित कमी! म्हणजे त्या वर्षीची साधारण टीम दोन पॉइंट द्यायची तिथे रेव्हन्स एक द्यायचे. फाल्कन्सचा १२९ हा आकडा आता तितका एकटा उरत नाही.

पण थांबा, एवढ्यावर निकाल लावायचा नाही, कारण सरासरीत समोर कोण होतं ते दिसत नाही. स्टीलर्सचंच बघा, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १९७६ मध्ये त्यांच्या पहिल्या पाच मॅचपैकी चार हरल्या, त्या पाचात त्यांनी ११० पॉइंट दिले आणि पाचव्या मॅचमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ जखमी झाला. सीझन बुडालाच म्हणायचा. तिथून पुढच्या नऊ मॅचमध्ये या डिफेन्सने किती पॉइंट दिले असतील? २८. नऊ मॅच मिळून अठ्ठावीस, त्यातल्या पाचांमध्ये शून्य, आणि नऊच्या नऊ जिंकल्या. जो ग्रीन, जॅक लँबर्ट, जॅक हॅम, मेल ब्लाउंट, एका डिफेन्समध्ये इतकी मोठी नावं पुन्हा जमली असतील असं मला वाटत नाही. पण त्या पाच शून्यांपैकी एक शून्य टँपा बे बकनिअर्सविरुद्ध होतं, ही टीम त्याच वर्षी नव्याने सुरू झाली होती आणि सगळ्याच्या सगळ्या १४ मॅच हरली होती. ४२-० अशी ती मॅच संपली. त्याचं श्रेय पूर्ण द्यायचं की अर्धं? संख्याशास्त्रात यासाठी प्रत्येक मॅच प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीने तोलतात, म्हणजे मॅचला २५ करणाऱ्या टीमला १० वर रोखणं आणि ९ करणाऱ्या टीमला ० वर रोखणं यात पहिलं जास्त किमतीचं धरतात. आणि दुसरं म्हणजे नऊ मॅच हा नमुना लहान आहे, लहान नमुन्यात टोकाचे आकडे सहज येतात, नाणं दहा वेळा उडवलं तर आठ छापे पडू शकतात, हजार वेळा उडवलं तर आठशे पडणार नाहीत.

आता आकडे जरा बाजूला ठेवून मैदानात उतरू, कारण डिफेन्स नेमकं काय करतो हे कळल्याशिवाय तुलना कोरडीच राहते. माझ्या मते डिफेन्स दोन गोष्टी चोरतो, क्वार्टरबॅकचा वेळ आणि त्याची खात्री. बॉल हातात आल्यापासून क्वार्टरबॅककडे साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. डोळ्यांनी पाहिलेल्या साध्या गोष्टीवर हात हलायलाच माणसाला ०.२ सेकंद लागतात, आणि तेही एकच पर्याय असेल तर. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोग करून दाखवलं की पर्याय वाढत गेले की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो, पर्याय दुप्पट झाले की दर वेळी वेळ दुप्पट होत नाही, साधारण ठरावीक तेवढाच वाढतो. आणि धावत सुटलेला लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, सेकंदाला सात-आठ मीटर कापतो, म्हणजे क्वार्टरबॅक ०.२ सेकंद जास्त विचार करत बसला तर तेवढ्यात तो दीड मीटर जवळ आलेला असतो!

बेअर्सचा ४६ डिफेन्स याच जागी घाव घालायचा. डिफेन्सचे कोच बडी रायन यांनी तो रचला आणि ४६ हा आकडा मांडणीचा नाही, तो डग प्लँक नावाच्या सेफ्टीच्या, म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या, जर्सीचा नंबर. क्वार्टरबॅकच्या जागी उभं राहून बघा. समोर आपल्या मधल्या तिन्ही लाइनमनच्या अगदी नाकासमोर एकेक दांडगा माणूस, म्हणजे दोघांनी मिळून एकाला अडवायची सोय संपली. दोन लाइनबॅकर एकाच बाजूला येऊन चिकटलेले, मागचा सेफ्टीही पुढे सरकलेला, बॉल जिथून खेळात येतो त्या रेषेजवळ एकूण आठ जण. यातले चार येतील, सहा येतील की आठही येतील? वाचवायला पाच-सहा माणसं. मागे मैदान मोकळं पडलंय हे दिसतंय पण तिकडे फेकायला वेळच नाही. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टोनी ईसन याने सहा पास फेकले, एकही झेलला गेला नाही, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्येच त्याला बाहेर बसवलं. पॅट्रियट्सनी अख्ख्या मॅचमध्ये धावून मिळवलेलं अंतर ७ यार्ड. मॅच ४६-१०. त्याआधीच्या दोन प्लेऑफ मॅचमध्ये तर बेअर्सनी समोरच्यांना शून्यावर ठेवलं होतं. मी त्या मॅचची रेकॉर्डिंग पाहतो तेव्हा बेअर्सचा लाइनबॅकर माइक सिंगलटरीच्या डोळ्यांकडेच बघत बसतो, पुढे काय होणार हे त्याला आधीच कळलंय असे ते डोळे. आणि ही काही जादू नाही, बुद्धिबळातले मुरलेले खेळाडू जसं एकेक सोंगटी न बघता अख्खी रचना एका नजरेत ओळखतात तसंच हे, हजारो वेळा पाहिलेली मांडणी मेंदू एकाच तुकड्यात साठवतो आणि त्यामुळे निर्णयाचा वेळ वाचतो.

यावर उताराही त्याच वर्षी सापडला होता. २ डिसेंबर १९८५, मायामी, बेअर्सचा त्या सीझनमधला एकमेव पराभव, ३८-२४. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो बॉल हातातून इतक्या झटक्यात सोडायचा की दबाव पोचेपर्यंत बॉल गेलेला असायचा, आणि मायामीने तीन रिसीव्हर उभे करून नॅट मूरला अशा जागी ठेवलं की त्याच्यामागे धावायला लाइनबॅकरला जावं लागलं. वेळ चोरणाऱ्या डिफेन्सला वेळेनेच हरवलं. पुढे लीगमध्ये जास्त रिसीव्हर घेऊन खेळायची पद्धत पसरत गेली तसा तो ४६ डिफेन्स मुख्य हत्यार म्हणून मागे पडला.

त्याच बेअर्समधला सेफ्टी डेव्ह डुअरसन २०११ मध्ये गेला, त्याने आत्महत्या केली आणि आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असं लिहून ठेवलं होतं. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या तपासणीत त्यात सीटीई हा आजार सापडला, डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं तो हा आजार. ज्या टकरींना आपण त्या काळी टाळ्या वाजवल्या त्यांची ही किंमत होती आणि ते आठवल्याशिवाय मला जुन्या डिफेन्सचं कौतुक करता येत नाही. गेल्या काही वर्षांत डोक्यावर मारणं, बेसावध रिसीव्हरवर आदळणं हे सगळं नियमाने बंद होत गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. म्हणूनच सीहॉक्सचं मोल मला ६२ टक्क्यांपेक्षा बरंच जास्त वाटतं. २०१३ च्या सीझनमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनी ६०६ पॉइंट केले होते, तोवरचा विक्रम, त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे ५५ टचडाऊन पास, मॅचला जवळपास ३८ पॉइंटची ही टीम. सुपर बोलमध्ये सीहॉक्सनी त्यांना ८ वर रोखलं, ४३-८.

तरी माझं मत रेव्हन्सनाच, आणि त्यामागे टक्केवारीपेक्षा वेगळं कारण आहे. डिफेन्सची परीक्षा घेताना सगळ्यात मोठी अडचण असते स्वतःच्याच ऑफेन्सची. ऑफेन्स चांगला असेल तर बॉल आपल्याकडे जास्त वेळ राहतो, समोरचा मागे पडतो, घाईत पास फेकतो, चुका करतो. बेअर्सकडे बॉल घेऊन धावणारा वॉल्टर पेटन होता, त्यांनी त्या वर्षी ४५६ पॉइंट केले. मग डिफेन्सचं श्रेय वेगळं कसं काढायचं? शास्त्रात अशा वेळी एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलतात, आणि रेव्हन्सच्या बाबतीत हा प्रयोग आपोआपच घडला. २००० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या ऑफेन्सला सलग पाच मॅचमध्ये एकही टचडाऊन करता आला नाही. त्या पाच मॅचमध्ये डिफेन्सने दिलेले पॉइंट ०, १०, १०, १४ आणि ९. मॅचमागे ८.६! पाचपैकी दोन त्यांनी जिंकल्यासुद्धा, टचडाऊन न करता. बाजूने काहीही मदत नसताना आकडा वाढला नाही, उलट कमी झाला. असा पुरावा दुसऱ्या कुठल्या डिफेन्सकडे मला दिसत नाही.

ते कसं व्हायचं? डिफेन्सच्या पुढच्या फळीत मधोमध सॅम अ‍ॅडम्स आणि टोनी सिरागुसा, दोघंही दीडशे किलोच्या आसपास. इतक्या वजनाचा माणूस खाली वाकून उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ येतो, त्याला एकट्याने हलवणं अवघड, मग समोरचे दोन दोन जण एकेकाला लावायचे. त्यामुळे मागे लाइनबॅकर रे लुइस मोकळा. १६ मॅचमध्ये समोरच्यांना धावून मिळालेले यार्ड फक्त ९७०, मॅचला ६१ सुद्धा नाहीत, १६ मॅचच्या सीझनमधला हा विक्रम आहे.

विरोधातलं सुद्धा मांडतो. रेव्हन्सनी समोरच्यांचे सुटलेले बॉल २६ वेळा उचलले, आणि लांबट आकाराचा तो बॉल जमिनीवर पडला की कुठे उसळेल ते सांगता येत नाही, तो कोणाच्या हाती लागतो यात नशीब बरंच असतं. शिवाय सप्टेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध त्यांनी एकाच मॅचमध्ये ३६ पॉइंट दिले होते, त्यांच्या जिमी स्मिथ या रिसीव्हरने एकट्याने २९१ यार्डांचे पास झेलले. ती मॅच रेव्हन्सनी ३९-३६ अशी जिंकली, पण डिफेन्स पार उघडा पडला होता. पण ती बाजूला काढली तर उरलेल्या १५ मॅचमध्ये १२९ पॉइंट उरतात. १२९! फाल्कन्सचाच आकडा, एक मॅच जास्त खेळून, आणि नियम ऑफेन्सच्या बाजूला झुकल्यानंतरच्या काळात.

पॉइंट मोजण्यातही एक घोळ आहे, डिफेन्स बाकावर बसलेला असताना झालेले पॉइंटही त्याच्याच खात्यात पडतात. म्हणून आता तज्ज्ञ प्रत्येक प्लेनंतर, म्हणजे प्रत्येक प्रयत्नानंतर, अपेक्षित पॉइंट किती बदलले ते मोजतात. ही कल्पना १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकोल यांनी मांडली, आणि कार्टर तेव्हा स्वतः एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होता. बॉल मैदानाच्या कुठल्या भागात आहे यावरून पुढे किती पॉइंटची अपेक्षा धरता येते ते त्यांनी काढलं, आणि स्वतःच्या गोलरेषेला चिकटून बॉल मिळाला तर ती अपेक्षा चक्क ऋण निघाली, बॉल आपल्याकडे असूनही.

या नजरेने रेव्हन्सचा सुपर बोल बघा, जानेवारी २००१, टँपा, समोर न्यूयॉर्क जायंट्स, स्कोअर ३४-७. जायंट्सच्या ऑफेन्सकडे बॉल १६ वेळा आला. ११ वेळा त्यांना लांब किक मारून तो परत द्यावा लागला, चार वेळा रेव्हन्सनी पास हवेतच पळवला, आणि सोळाव्या वेळी मॅचचा वेळ संपला. ते ७ पॉइंट आले कुठून? किकऑफचा बॉल झेलून रॉन डिक्सन ९७ यार्ड पळाला त्यातून. तेव्हा रेव्हन्सचा डिफेन्स मैदानात नव्हताच.