रोटी बँक की धान्य बँक? आधी चूल बघा

गेल्या लग्नसराईत दुपारी चारला आमच्या धान्य बँकेसमोर टेम्पो थांबला. आत वरण-भाताची पातेली. ऊन चाळिशीपार. झाकण काढलं तर वरणाला फेस आलेला, भाताला आंबूस वास. आणणारा माणूस मनापासून आला होता, त्यामुळं ते ओतून देताना फार जिवावर आलं. "बँक म्हणजे बँकच ना?" तो म्हणाला.

तसं नाही. रोटी बँक शिजलेलं अन्न घेते आणि त्याच दिवशी वाटून मोकळी होते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या रोटी बँकेची रीत साधी: घरच्या स्वयंपाकातच दोन पोळ्या आणि भाजी जास्तीची करायची आणि नेऊन द्यायची. उरलंसुरलं नाही, ताजं. लग्नातलं अन्न द्यायचं असेल तर पंगत चालू असतानाच फोन करा. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड राहिलं तर ठीक, मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर दोन तासही जास्तच.

धान्य बँक कोरडा शिधा देते, महिनाभर पुरेल असा.

कुणाला काय द्यायचं, हे मी एकाच प्रश्नावर ठरवते: त्या माणसाकडं चूल आहे का? घाटी रुग्णालयात पेशंटसोबत आलेल्या, पायरीवर झोपणाऱ्या नातेवाइकाला ज्वारीची पिशवी देऊन काय उपयोग? त्याला भाकरीच हवी. उलट बीडकडच्या गावात पोरगा-सून ऊसतोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या आजीकडं चूल आहे, डबे रिकामे आहेत. तिला एक वेळचं जेवण नेऊन देण्यापेक्षा शिधा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. स्वतःच्या हातची भाकरी खाण्यात तिचा मान राहतो.

शिध्यात नुसते गहू-तांदूळ नकोत. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं. अडतं ते तूरडाळ, तेल, तिखट-मिठापाशी. ज्वारी दिलीत तर चाळून, उन्हं दाखवून द्या. पोरकिडे लागलेलं एक पोतं बाजूची दहा पोती खराब करतं.

आणि दळणाचे पैसेही पिशवीत ठेवा. ज्वारी घरात असून गिरणीला पैसे नाहीत म्हणून आठवडाभर थांबलेली आजी मी पाहिली आहे.