इंजिन मॅनेजमेंट सिस्टिम

इंजिन मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे इंजिनात पेट्रोल किती आणि कधी सोडायचं, स्पार्क नेमका कोणत्या क्षणी द्यायचा हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. मधे ईसीयू नावाचा छोटा कंप्युटर असतो, सेन्सर त्याला खबर देतात आणि त्या खबरीवरून तो इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), इग्निशन कॉइल (स्पार्कसाठी वीज देणारी), थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), रेडिएटरचा फॅन वगैरे चालवतो. ईसीयूला इंजिन दिसत नाही, त्याला दिसतात त्या तारांवरून येणारे व्होल्टेजचे आकडे, आणि गॅरेजमधले निम्मे घोळ हे विसरल्यामुळे होतात.

सुरुवात बरीच जुनी आहे. बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आलं, मग १९७९ मध्ये मोट्रॉनिक आलं ज्यात पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही एकाच डब्यातून चालायला लागलं. आपल्याकडे मात्र कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग) गेला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे, २००० पासून नियम कडक होत गेले तसं चोक ओढून गाडी स्टार्ट करणं संपलं आणि एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) हा शब्द डिकीवर मिरवायला लागला.

खरा हिशोब हवेचा असतो. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण वजनानं साधारण १ ला १४.७ ठेवायचं असतं, तर आधी हवा किती आत गेली ते कळायला हवं. काही गाड्यांत हवा थेट मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो जो इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब सांगतो, त्यात हवेचं तापमान आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिळवून ईसीयू हवेचं वजन काढतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, म्हणून इथे इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तरी मॅप सेन्सर जवळपास ९५ किलोपास्कल (बाहेरच्या हवेचाच दाब) दाखवतो, मुंबईत हाच आकडा १०१ च्या आसपास असतो आणि दोन्ही बरोबर आहेत. गरमीचंही तसंच, मे महिन्यातल्या ४२ डिग्रीच्या दुपारी इंदूरच्या राजवाड्याजवळ जॅममध्ये गाडी जी हवा ओढते ती डिसेंबरच्या सकाळच्या ८-१० डिग्रीच्या हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ असते, तेवढं पेट्रोल ईसीयू आपोआप कापतो. उन्हाळ्यात पिकअप कमी वाटतो तो भ्रम नाही.

वेळेचं काम क्रँक सेन्सरचं. क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गायब, ती फट आली की पिस्टन कुठे आहेत ते ईसीयूला कळतं, आणि कोणता सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम दांड्यावरचा कॅम सेन्सर सांगतो. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा फक्त २० मिलिसेकंदांत होतो, चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० स्पार्क पडतात. म्हणून हा एक क्रँक सेन्सर गेला की बऱ्याच गाड्या सरळ बंदच पडतात, बाकीचे गेले तर रडतखडत का होईना घरी पोचवतात.

इंजिनाचा धूर जातो त्या एक्झॉस्ट पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसतो, आणि ईसीयूचा हिशोब बरोबर होता का हे खरं तर तोच सांगतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीयू पेट्रोल थोडं वाढवत-घटवत राहतो, याला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि वारंवार लागणारी दुरुस्ती तो मेमरीत ठेवतो. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलही इथूनच सांभाळलं जातं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून त्याला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, सेन्सरला ते लीन दिसतं आणि ट्रिम वर जातं. तीनशेएक डिग्री गरम होईपर्यंत हा सेन्सर काही बोलत नाही, तोपर्यंत ईसीयू आधीपासून भरलेल्या टेबलांवर चालतो.

नॉक सेन्सर ब्लॉकवर बसतो, इंजिन ठोकायला लागलं की तो थरथर ओळखतो आणि ईसीयू स्पार्क काही डिग्री उशिरा देतो. रेसच्या पेडलखाली दोन वेगळे सेन्सर असतात, दोघांचं जमलं नाही तर ईसीयू कोणावरच विश्वास ठेवत नाही, गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे रेस दिली तरी ती सरकेल पण पळणार नाही.

इंदूरहून खंडवा रोडनं ओंकारेश्वरला जाताना भेरू घाटात बरेच लोक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात, आणि हे अगदी उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय पेडलवरून काढला आणि आरपीएम बऱ्यापैकी असेल तर ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलवर (रेस न देता हळू फिरत) जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिन ब्रेकही गेला. खाली बडवाहला पोचेपर्यंत हवेचा दाब चारएक किलोपास्कल वाढलेला असतो, तेही ईसीयूनं वाटेतच धरलेलं असतं.

आता चेक इंजिनचा दिवा. गॅरेजमधले भिया लोक स्कॅनर (ईसीयूत नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र) लावतात, कोड येतो आणि लगेच निकाल लागतो, "सेन्सर उडाला". पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, बस इतकंच. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही, उलट तो बिचारा खरं सांगत असण्याची शक्यता जास्त. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, दमलेला फ्युएल पंप, चोंदलेले इंजेक्टर, पावसाळ्यात उंदरानं कुरतडलेली वायर, कनेक्टरमधलं पाणी, हे सगळं आधी बघायचं आणि सेन्सर सगळ्यात शेवटी बदलायचा.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये आणखी एक गंमत असते. किटचा स्वतःचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरचा सिग्नल मधेच पकडतो, त्याला गॅसप्रमाणे वाढवून गॅस इंजेक्टरला देतो आणि मूळ ईसीयूला इंजेक्टर चालू आहेत असंच भासवतो. किट नीट ट्यून केलं नसेल तर गॅसवर बिघडलेलं ट्रिम पेट्रोलच्या खात्यात लिहिलं जातं, मग पेट्रोलवर टाकली की गाडी झटके देते, आणि लोक पेट्रोल पंपाला शिव्या घालतात.

दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढायचा जुगाड सगळीकडे चालतो. बऱ्याच गाड्यांत त्यानं कोडबरोबर शिकलेलं ट्रिमही पुसलं जातं, आयडल थोडा वेळ वरखाली होतं, आणि बिघाड तसाच असेल तर काही फेऱ्यांनंतर दिवा परत लागतो.