चित्रकला, माहितीपट आणि विज्ञान-पॉडकास्ट : एका मिश्रणाची मुंबईतली पार्श्वभूमी

एकच व्यक्ती चित्रे काढते, माहितीपट करते आणि विज्ञानावर पॉडकास्टही चालवते, याचे आज कोणाला फारसे नवल वाटत नाही. अशा कामाकडे मात्र इंटरनेटने घडवलेली नवी गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ते मला पटत नाही. निदान मुंबईत तरी चित्र, चलच्चित्र आणि विज्ञान ही तिन्ही शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या हाती होती. पुढे यंत्रांच्या किमतीमुळे आणि प्रसारणाची साधने सरकारकडे एकवटल्यामुळे त्यांची ताटातूट झाली.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, राजा रवि वर्मांच्या छापखान्यासाठी काम केले आणि जादूचे प्रयोगही केले. त्यांचा उल्लेख आपण नेहमी पहिल्या कथापटापासून सुरू करतो, आणि त्यामुळे त्याआधीची एक फार मोलाची गोष्ट झाकली जाते. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र यांची खरेदी करून परतले. त्यानंतर त्यांनी प्रथम चित्रित केली ती हरिश्चंद्राची कथा नव्हे, तर कुंडीत पेरलेला एक वाटाणा.

‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या पटामागचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. कॅमेरा कुंडीसमोर पक्का बसवायचा आणि ठराविक अंतराने फिल्मची एकेकच चौकट (फ्रेम) टिपायची. पडद्यावर त्या चौकटी सलग धावू लागल्या, की महिनाभराची वाढ क्षणांत उलगडते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धावत असत, म्हणजे मिनिटभराच्या दृश्यासाठी हजाराच्या घरात चौकटी लागत, आणि त्या साऱ्या काळात कुंडी, कॅमेरा व प्रकाश यांची मांडणी जराही बिघडू द्यायची नाही. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास अशाच पद्धतीने वनस्पतींच्या हालचाली टिपल्या होत्या, तर १९१० मध्ये इंग्लंडच्या पर्सी स्मिथ यांनी उमलणारी फुले प्रेक्षकांपुढे आणली होती. फाळके त्यांच्या मागोमाग, पण प्रयोगशाळेच्या किंवा कंपनीच्या आधाराशिवाय, घरच्या घरी हे करत होते. बी फुटून वेल चढताना पाहिल्यावर छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी त्यांना कर्ज दिले आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात झळकलेल्या त्या कथापटाला तारण होते ते एका विज्ञानपटाचे, आणि माझ्या मते भारतीय माहितीपटाचा इतिहास इथूनच मोजायला हवा.

पुढेही त्यांनी हे सोडले नाही. आगकाड्यांची हालचाल करून त्यांनी सचेतनपट (अॅनिमेशन) केला, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा पट केला आणि ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याची हकिकत मराठी वाचकांना समजावून सांगितली. त्या चित्रपटनिर्मितीवरच्या पटाचा काही भाग आज उपलब्ध आहे. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात.

बोलपट आल्यावर एकट्याने सारे करण्याचे दिवस सरले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या माहितीपट करणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि तिचे पट चित्रपटगृहांत सक्तीने दाखवले जाऊ लागले. आवाजाचे माध्यम आकाशवाणीकडे होते. चित्रकाराने दालनात, माहितीपटकाराने सरकारी कचेरीत आणि शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत काम करायचे, अशी विभागणी रूढ झाली.

ती मोडली ती काही माणसांनी. होमी भाभा स्वतः चित्रे काढत. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंदाजपत्रकातला एक टक्का चित्रखरेदीसाठी वापरण्याची परवानगी त्यांनी नेहरूंकडून मिळवली. कुलाब्याच्या तिच्या इमारतीत प्रवेश करताच मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र समोर येते. याच हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात एक संवादरहित लघुपट केला आणि त्याला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. १९७० मध्ये चित्रकार तैयब मेहता यांनीही फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘कूडल’ हा लघुपट केला.

सर्वांत धाडसी प्रयत्न चित्रकार अकबर पदमसी यांचा होता. १९६९ मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ उभारले, जिथे चित्रकार, दिग्दर्शक आणि एक मनोविश्लेषकही एकत्र येत. चित्रकार नलिनी मलानी यांचे सुरुवातीचे कॅमेऱ्याचे प्रयोग तिथलेच. पदमसींनी रेषा आणि बिंदूंच्या गणिती रचनांची शेकडो रेखाटने केली आणि सचेतनपटकार राम मोहन यांच्या साहाय्याने ती पडद्यावर हलती केली. पदमसींच्या दुसऱ्या पटाचे नाव ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ असे होते. मेघकोठी हे भौतिकशास्त्राचे उपकरण आहे : बंदिस्त पेटीतल्या अतिसंपृक्त बाष्पातून विद्युतभारित कण गेला, की त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते. न दिसणाऱ्या कणाने काढलेली ती रेघ एका चित्रकाराला मोहवावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

आवाजाच्या बाजूने बदल उशिरा झाला. आकाशवाणीने विज्ञानाची सेवा केली हे खरे. मानवाच्या उत्क्रांतीवरची शंभराहून अधिक भागांची तिची मालिका १९९० च्या दशकात अनेक भारतीय भाषांतून प्रसारित झाली. परंतु काय ऐकवायचे हे बाहेरच्या कलावंताच्या हाती नव्हते. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला, खासगी एफएम वाहिन्या २००१ पासून आल्या, आणि ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये रुळू लागला. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि मराठीत विज्ञान बोलून सांगण्यासाठी परवान्याची, स्टुडिओची किंवा प्रायोजकाची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

जतनाचा प्रश्न मात्र तसाच आहे. पदमसींच्या त्या दुसऱ्या पटाची एकमेव प्रत हरवली. २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन तो नव्याने घडवण्याचा प्रयत्न केला. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठी विज्ञान-पॉडकास्टचे भाग मात्र बहुधा करणाऱ्याच्या खात्यावर आणि एखाद्या खासगी सेवेच्या भरवशावर असतात, आणि सेवा बंद झाली किंवा वर्गणी थकली तर ते ऐकण्याची दुसरी सोय राहत नाही. मूळ ध्वनिमुद्रण, संहिता आणि रेखाटने एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात जमा करण्याची व्यवस्था हे काम करणाऱ्यांनी आणि मराठी संस्थांनी मिळून आताच उभी करावी.